तिने विचारलं होतं

१४ सप्टेंबर, रविवार

भोंगा जाऊन सहा महिने आणि पाच दिवस झाले. दादाने आज बायकोचं कपाट रिकामं करायला घेतलं. मदतीला ये असं त्याने मला सांगितलं नव्हतं. खारूचाच फोन आला, "आत्या, बाबा सगळं खोक्यांत कोंबतायत. तू ये."

पोहण्याचे पाच पोशाख निघाले, सगळे तलावाच्या पाण्यातल्या औषधाने विटलेले. टोप्या निघाल्या. शिट्ट्या सात, त्यांतली एकही तिने बायकांना पोहायला शिकवताना कधी वाजवलेली मला आठवत नाही, गरजच नव्हती. पन्नास मीटर लांब तलावाच्या दुसऱ्या टोकाला बुडत असलेल्या बाईला "पाय मारा, पाय!" हे शिट्टीशिवाय ऐकू जायचं. म्हणून तर ती भोंगा.

मी घड्या घालत होते, खारू खोक्यांवर लिहीत होती. दोरी आवळता आवळता दादा म्हणाला, "पाच महिने बाईचा घसा बसलेला, आणि एका माणसाकडे बोलली नाही. एका!"

"बाबा, पुरे ना."

"पुरे काय? तलावावरच्या बायकांची काळजी, त्यांच्या पोरांची काळजी. आम्ही कोण? आम्हाला सांगावंसं वाटलं नाही. हट्टाने गेली."

खारू सतरा वर्षांची आहे. तिने मार्करचं टोपण लावलं आणि आत निघून गेली.

मी घडी घातलेला टॉवेल उलगडला आणि पुन्हा घडी घातली. दादाच्या घरात टीव्ही इतक्या मोठ्याने चालू असतो की मी काही बोलले असते तरी ऐकू गेलं नसतं, असं म्हणता येईल. पण मी काही बोललेच नाही. दिवसभर लोकांचे कान तपासून त्यांना यंत्रं बसवून देणाऱ्या माणसाचे स्वतःचेच कान चालले की काय, असला विचार करत बसले.

एका माणसाकडे ती बोलली होती. माझ्याकडे. हे वाक्य आजवर मी या वहीतसुद्धा लिहिलं नव्हतं.

१५ सप्टेंबर

गेल्या वर्षीची वही काढली. तेरा फेब्रुवारी, मंगळवार. जसंच्या तसं उतरवते: "दुपारी भोंगा लॅबमध्ये आली होती. घसा बसलाय. चहा झाला. आज सव्वीस वड्या कापून झाल्या."

बस्स. वड्या मोजून लिहिल्या आहेत. वड्या म्हणजे मेणाच्या. रुग्णाच्या शरीरातून काढलेला तुकडा आम्ही मेणात बसवतो, त्याचे केसाहूनही पातळ काप काढतो, काचपट्टीवर घेऊन रंगवतो, आणि मग आमच्या डॉक्टरीणबाई सूक्ष्मदर्शकातून बघून सांगतात, कर्करोग आहे की नाही. बावीस वर्षं मी हे काप काढते आहे. हे लिहिण्याचं कारण एवढंच की मला कळत नव्हतं असं म्हणायची सोय राहू नये.

तिचा प्रश्न मला नक्की आठवतो. "काय गं शंके, हा घसा दाखवावा का कुणाला? तीन आठवडे झाले."

"शंका" मी. शंकासुराचं लाडकं रूप. कुलूप लावलं की नाही हे तीनदा ओढून बघणारी, गॅस बंद आहे का बघायला अर्ध्या वाटेवरून परत जाणारी.

माझं उत्तर तितकं नक्की आठवत नाही. बहुधा असं: "दिवसभर तलावावर बोंबलतेस, घसा बसेल नाही तर काय होईल? आधी ओरडणं बंद कर. मिठाच्या गुळण्या कर. महिनाभर बघ." महिनाभर म्हटलं की दोन आठवडे, यावर आज दिवसभर डोकं फोडलं. दोन आठवडे म्हटलं असेल तर चूक थोडी लहान. पण "दोन आठवडे" हे मला आठवतंय की आठवावंसं वाटतंय?

पुढचं नक्की आहे. ती म्हणाली, "म्हणजे काही नाही ना?"

मी म्हटलं, "काही नाही."

मी काचपट्ट्यांवर आकडे लिहीत होते. वर पाहिलं नाही.

जुलैच्या दोन तारखेला कळलं. आजार घशात नव्हताच. फुप्फुसात होता, आणि तिथून आवाजाच्या नसेवर दाब आला होता.

२३ सप्टेंबर

आज लॅबमध्ये काम कमी होतं, तर दिवसभर तीच डोळ्यांसमोर.

वसतिगृहात पहिल्या दिवशी मी खोलीत शिरले तेव्हा ती पलंगावर उभी राहून खिडकीतून खालच्या कुणाला तरी ओरडून सांगत होती की बादली चौथ्या मजल्यावर राहिली. मी म्हटलं, "जरा हळू." ती म्हणाली, "हेच हळू आहे." मला वाटलं, हिच्याबरोबर तीन वर्षं? पुढे सत्तावीस वर्षं झाली आणि कमी पडली.

सुट्टीत तिला घरी आणलं. दादा तेव्हा कान तपासायचं शिकत होता आणि सरावासाठी घरातल्या प्रत्येकाला पकडून बसवायचा. तिलाही बसवलं. कानांवर यंत्र, आवाज आला की बोट वर करायचं. ती दर आवाजाला "आला!" म्हणून किंचाळायची. दादा फार गंभीर, "ओरडू नका हो, बोट वर करा." चौथ्यांदा "आला!" झालं आणि दादाच हसत सुटला. आमच्या दादाला असं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. आईने स्वयंपाकघरातून मान बाहेर काढून बघितलं आणि मला म्हणाली, "ही तुझी मैत्रीण फार दिवस मैत्रीण राहत नाही."

लग्नानंतर आई म्हणे, चारचौघांत तरी वहिनी म्हण, बरं दिसतं. मी एकदा म्हटलं. भोंग्याने मागे वळून पाहिलं, "कोण? कुठंय?"

शेवटच्या दोन महिन्यांत तिच्या तोंडून नुसती हवा यायची. पाटीवर लिहायची. तिने फेब्रुवारीचा विषय कधी काढला नाही. मीही काढला नाही. जरा बरी झाली की विचारू, असं ठरवलं होतं.

२८ सप्टेंबर, रविवार

दादाला आज सांगायचं ठरवून गेले. वाटेत वाक्यही जुळवलं होतं. पण खारूची सहामाही परीक्षा उद्यापासून. घरात कसला भूकंप करायचा आणि पोरीने त्यात पेपर कसा लिहायचा? परीक्षा होऊ दे.

यात पळवाट किती आणि विचार किती, हे मी स्वतःला विचारलं. निम्मं निम्मं असावं.

दादा जेवताना पुन्हा तेच बोलला. आता त्याचं ते वाक्य पाठ झाल्यासारखं झालं आहे. "एका माणसाला सांगितलं नाही." आणि ते म्हणताना तो माझ्याकडे बघत नाही, खारूकडे बघत नाही, ताटात बघतो. मला वाटतं, त्याला रडू आवरत नसावं.

५ ऑक्टोबर, रविवार

खारू सकाळी एकटीच आली. पेपर बरे गेलेत म्हणाली. चहा केला. मग कपाकडे बघत म्हणाली, "आत्या, एक विचारू? आई आम्हाला कंटाळली होती का?"

"काहीतरीच काय!"

"नाही, म्हणजे बघ ना. इतका त्रास होत असताना माणूस कुणालाच सांगत नाही. बाबा म्हणतात, तिला सांगावंसं वाटलं नाही. म्हणजे मग तिला बरं व्हावंसंच…"

तिथेच सांगायचं होतं. दोन वाक्यं. मी काय म्हटलं? "असलं काही डोक्यात आणू नकोस. अभ्यासाकडे लक्ष दे."

"परीक्षा संपली, आत्या."

"मग पुढच्या परीक्षेचा कर."

तिने कप विसळून पालथा घातला आणि गेली.

मी आजवर समजत होते की मी गप्प बसते त्यात नुकसान फक्त माझं, माझ्या मनाचं. तसं नाही. मी मूग गिळून बसले आहे म्हणून भोंग्यावर आळ येतो आहे. ती विचारून गेली होती. तिला जगायचं होतं म्हणूनच ती लॅबचे तीन जिने चढून आली होती. आणि तिची मुलगी समजते आहे की आईला आपला कंटाळा आला होता.

७ ऑक्टोबर

डॉक्टरीणबाईंना विचारलं. नाव घेतलं नाही, पण त्यांना कळलंच. त्यांनीच तर तिचा अहवाल लिहिला होता. तिची वडी कापायला मी माझ्या जोडीदारणीला सांगितलं होतं आणि स्वतः बाहेर जिन्यात उभी राहिले होते.

"साडेचार महिने आधी कळलं असतं तर?"

त्या बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या. "फरक पडला असता. किती, ते मला माहीत नाही. थोडे महिने, कदाचित वर्ष. कदाचित काहीच नाही. तुला बरं वाटावं म्हणून सांगू की खरं सांगू?"

"खरं."

"मग हेच."

मला वाटलं होतं, त्या एक तर "वाचली असती" म्हणतील नाही तर "काही उपयोग नव्हता". दोन्हींपैकी एक चाललं असतं. हे मधलं घेऊन माणसाने कुठे जायचं?

१२ ऑक्टोबर, रविवार

गेले होते. दादाला सर्दी झाली होती, डोकं बांधून पडला होता. आजारी माणसाला काय सांगायचं? थोडं बरं वाटू दे.

१६ ऑक्टोबर

लॅबमध्ये नवीन लागलेल्या मुलीशी आज वाजलं. एका डबीवरचा आकडा पुसट होता, सहा की नऊ कळेना. ती म्हणाली, "ताई, सहाच असणार. यादीत सहा नंबर आहे ना." मी तिला थांबवलं. म्हटलं, आपल्याकडे पद्धत आहे, एकीने आकडा मोठ्याने वाचायचा, दुसरीने बघून हो म्हणायचं, आणि शंका आली की हात थांबवायचा आणि लगेच जाऊन विचारायचं. उद्यावर टाकायचं नाही.

"एवढ्याशासाठी खाली जाऊ?"

"एवढ्याशासाठीच."

तोंड वाकडं करून गेली. नऊ निघाला. दुपारी आपण होऊन माझा चहा घेऊन आली. कामाची आहे मुलगी.

दादाकडे या रविवारी नको, त्याचे कुणी मित्र यायचे आहेत. त्याच्या पुढच्या रविवारी जाईन.

२६ ऑक्टोबर, रविवार

सांगितलं.

ठरवून गेले होते तसं नाही झालं. ते जुळवलेलं वाक्य आलंच नाही. जेवण झालं होतं, मी भांडी आवरत होते. तलावावरून कुणी बाई आली होती, भोंग्याच्या वर्गातली. तिच्या हाताखाली पन्नाशीत पोहायला शिकलेली. दारातच उभी राहून म्हणाली, "त्यांना वेळेवर कळलं असतं तर…" आणि दादाने सुरू केलं, "कळेल कसं? एका माणसाला…"

बाई गेली. मी हात पुसले आणि म्हटलं, "दादा, टीव्ही बंद कर."

"का?"

"बंद कर. खारू, तूही बस."

त्याने बंद केला.

"तिने विचारलं होतं," मी म्हटलं. "मला."

"काय विचारलं होतं?"

"घसा कुणाला दाखवावा का. लॅबमध्ये आली होती. तेरा फेब्रुवारीला, मंगळवारी, दुपारी."

दादा उभाच होता. "आणि तू?"

"मी म्हटलं, ओरडून बसलाय. महिनाभर बघ."

"महिनाभर."

"किंवा दोन आठवडे. मला नक्की आठवत नाही."

"आठवत नाही!" तो हसला. ते हसणं मला लिहिता येणार नाही. "दार लावलं का ते हिला तीनदा आठवतं. आणि हे आठवत नाही! तुझं काम काय आहे गं? दिवसभर काय कापतेस तू तिथे, काकड्या?"

"बाबा…"

"थांब तू. दीड वर्ष, दीड वर्ष माझ्या समोर बसून जेवलीस. हॉस्पिटलमध्ये तिच्या उशाशी बसलीस. मी इतक्या वेळा म्हटलं, इतक्या वेळा, आणि तू आपली टॉवेलांच्या घड्या घालतेस!"

"हो."

"हो काय हो!"

मला वाटलं होतं मी रडेन. नाही रडले. मी खारूकडे बघत होते. ती दोन्ही हात मांडीवर ठेवून सरळ बसली होती आणि हळूच म्हणाली, "म्हणजे आईने विचारलं होतं." थोड्या वेळाने पुन्हा, जणू दुसऱ्या कुणाला सांगतेय तसं, "आईने विचारलं होतं."

दादाने दार उघडलं आणि धरून उभा राहिला. "तू नीघ आता."

मी निघाले. कोपऱ्यावर जाऊन थांबले. वाटलं, कुणी मागून येईल. कुणी आलं नाही, आणि तेच योग्य होतं.

एक गोष्ट मात्र मला समजली नाही. दादा चिडणार हे मी धरलंच होतं. पण "तिने विचारलं होतं" असं मी म्हटलं तेव्हा पहिल्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. भीती होती. मी चुकीचं पाहिलं असेन. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं सगळ्यांच्या चेहऱ्यावर मला माझंच दिसत असणार.

३० ऑक्टोबर

खारूचा निरोप आला, फोनवर, लिहून:

"आत्या, मला तुझा राग आलाय. खूप. एवढ्यात येऊ नकोस. पण आईचा गेला."

इथे त्यावर काही लिहू नये असं वाटतं. फक्त उतरवून ठेवलं, फोन हरवतात म्हणून.

२ नोव्हेंबर, रविवार

दादाकडे न जाण्याचा पहिला रविवार. सकाळी उठून तयार झाले, मग आठवलं. तरी चपला घालून बाहेर पडले आणि तलावापर्यंत चालत गेले. जाळीच्या कुंपणाबाहेर उभी राहिले. आत बायकांचा वर्ग चालू होता, कुणी नवीन बाई शिकवत होती. शिट्टी वाजवून.

अपराध कबूल केला की मन हलकं होतं म्हणतात. माझं नाही झालं. ओझं तेवढंच आहे, फक्त आता ते काय आहे ते मला नीट माहीत आहे. चूक महिना सांगितल्याची नव्हती, दोन आठवडे सांगितल्याचीही नव्हती. तिने विचारलं तेव्हा मी वर पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कळलं असतं. तिने चहा संपवला नव्हता. पिशवी खांद्यावरून उतरवलीसुद्धा नव्हती. भोंगा कुठेही गेली की आधी पाय पसरून बसायची, आणि त्या दिवशी ती स्टुलाच्या कडेला बसली होती, शाळेत शिक्षकांसमोर बसावं तशी. हे सगळं मी पाहिलंच नाही, मग आज आठवतंय कसं? पाहिलं असणार. पाहून आकडे लिहीत राहिले.

९ नोव्हेंबर, रविवार

सकाळी सातला दादाचा फोन.

"उठलीस?"

"हो."

श्वास ऐकू येत होता. मग म्हणाला, "एक सांग. त्या दिवशी ती तुला विचारायला आली तेव्हा घाबरलेली होती का?"

त्याला बरं वाटेल असं उत्तर माझ्या तोंडाशी आलं होतं. हसत होती, असं. हसत होती हे खोटंही नाही.

"हो," मी म्हटलं. "हसत होती. पण घाबरली होती."

"हं."

मग तो बोलायला लागला, अगदी सावकाश, कान अधू असलेल्या माणसाशी बोलतो तसा एकेक शब्द सुटा करून.

"त्या दिवशी संध्याकाळी घरी आली. जेवताना म्हणाली, घशाचं शंकेला विचारून आले. मी म्हटलं, काय म्हणाली? तर म्हणाली, काही नाही म्हणते. मी म्हटलं… मी म्हटलं, मग काही नाही. शंका काही नाही म्हणते म्हणजे विषयच संपला. जी गॅस बंद आहे का बघायला अर्ध्या वाटेवरून मागे फिरते, ती उगाच म्हणेल का? आणि म्हटलं, तेवढंच घर जरा शांत राहील."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मला ऐकू येत होतं गं. एप्रिलमध्ये ऐकू येत होतं. एक बाजू काम करत नव्हती आवाजाची, ते मला ऐकू येत होतं. माझं पोटच त्यावर आहे. मी रोज ऐकत होतो आणि रोज म्हणत होतो, शंकेने पाहिलंय."

"मी पाहिलं नव्हतं, दादा."

"हो. ते आता कळलं."

आम्ही दोघंही फोन कानाला लावून बसलो होतो. मला त्याचा राग आला का? आला. त्याने आठ महिने तिला हट्टी ठरवलं, स्वतःला ठाऊक असताना. आणि मग लक्षात आलं की तोच राग त्याला माझा आला असणार, दारात उभं राहून, तसाच्या तसा. माझ्या शंकेखोरपणावर या घराने किती भरवसा टाकला होता, हे मला सत्तावीस वर्षांत कधी दिसलं नाही. ती थट्टा आहे असंच मी धरून चालले होते.

"खारूला हे माहीत आहे?" मी विचारलं.

"नाही."

"मग?"

"तिला वाटतं, बाबांना खरंच काही माहीत नव्हतं. परवा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली, बाबा, तुमची काही चूक नाही. सहामाहीचा निकाल आहे तिचा उद्या. मी म्हटलं, तो लागला की…"

तो मधेच थांबला. मीही काही सुचवलं नाही. सुचवायचा मला अधिकारही नव्हता.

"आहे कुठे ती?" मी विचारलं.

"झोपलीये अजून."

"उठली की…"

"नाही," दादा म्हणाला. "उठवतो."